नवाचा ताळा

१२२४४३७२०५४२. बारा हजार दोनशे चव्वेचाळीस कोटी सदतीस लाख वीस हजार पाचशे बेचाळीस. ही संख्या मला पाठ आहे आणि मरेपर्यंत पाठ राहील. सम आहे, संयुक्त आहे, नवानं भाग जातो, अकरानंही जातो. आमच्या गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर ती छापलेली होती. गाय आता आमच्याकडं नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो. धर्मापुरीपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव, आणि शाळा त्याच्या पुढच्या गावात. पोरं मला घाबरतात, हे मला माहीत आहे आणि खरं सांगायचं तर आवडतंही. वहीत चुकीचं उत्तर दिसलं की माझं डोकं फिरतं. "ताळा केला का रे?" हा माझा पहिला प्रश्न. ताळा म्हणजे आकड्यांची बेरीज करत करत एका अंकावर यायचं आणि दोन्हीकडं तोच अंक येतो का बघायचं. नवाचा ताळा. मला माझ्या गुरुजींनी शिकवला, त्यांना त्यांच्या गुरुजींनी. आमच्याकडं कितीतरी पिढ्या या एका ताळ्यावर निवांत झोपल्यात.

आबा, म्हणजे माझे वडील, शाळेत कधी गेलेच नाहीत. जन्मभर जनावरं राखली. मोजायचे ते विसांनी. "दोन इसा आन् वर तीन," म्हणजे त्रेचाळीस. पण मोजायची वेळ त्यांच्यावर क्वचितच यायची. कळप दारात शिरताना ते नुसतं बघायचे आणि कोण मागं राहिलं ते सांगायचे. पाठमोरं जनावर, संध्याकाळचा धुरळा, तरी चालीवरून ओळखायचे. मी लहानपणी विचारलं होतं, "आबा, कसं कळतं?" ते म्हणाले, "लेका, तुला तुजी आय कशी कळती?"

आई गेली त्या हिवाळ्यात ही गाय कालवड होती. तिची माय व्यायल्यावर चार दिवसांतच दगावली होती, म्हणून आईनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. आजारपणात आई अंगणात खाट टाकून पडायची आणि कालवड खाटेला अंग घासत उभी राहायची. आई गेल्यावर आबा संध्याकाळी त्या कालवडीशेजारी जाऊन बसायला लागले, एवढंच. लाल कंधारी जात, गडद लाल रंग. आमच्या भागात अशा गाई कैक. एका मातीची मडकी सगळी.

मग एके दिवशी ढोरांचे डॉक्टर बिल्ले मारायला आले. तोवर तिची गाय झाली होती. आबा आडवे उभे राहिले.

"कावून? मला वळखू येत न्हाई का माजी गाय?"

"सरकारला ओळखू यायला पाहिजे ना, आबा."

"मंग सरकारनं यावं, दोन दिस राखावं. वळख पडती."

डॉक्टर हसले, मीही हसलो. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं पुटपुटत आबा बाजूला झाले. मी गाईचं डोकं धरलं, डॉक्टरांनी कानात बिल्ला मारला. तिनं एकदाच मान झटकली. मी पेन काढून बिल्ल्यावरचे बारा आकडे तळहातावर लिहून घेतले. डॉक्टरांच्या मोबाइलला रेंज नव्हती. नोंद तालुक्याला गेल्यावर करतो म्हणाले. ती नोंद झालीच नाही. पुढं त्यांची बदली झाली आणि मीही पाठपुरावा केला नाही.

त्या क्षणी मला नोंदीचं काही पडलं नव्हतं. मी तळहाताकडं बघत होतो. मोठी संख्या दिसली की तिचं पोट फाडून आत काय आहे ते बघायची मला खोड आहे. बेरीज छत्तीस, म्हणजे नवानं भाग जाणार. मग अकराची कसोटी. एकाआड एक आकडे घ्यायचे आणि दोन बेरजा करायच्या. फरक शून्य आला किंवा अकराच्या पाढ्यातला आला तर भाग जातो. एकीकडं एक, दोन, चार, सात, शून्य, चार: अठरा. दुसरीकडं दोन, चार, तीन, दोन, पाच, दोन: अठरा.

"आबा," मी ओरडलो, "लई भारी आकडा पडलाय! अठराला अठरा! कावडीसारखा, दोन्हीकडं सारखं वजन."

"गाईला कळलं का पर?" आबा म्हणाले.

त्या दिवशी शाळेत दुसऱ्या तासाला मी तळहात बघून ती संख्या सातवीच्या फळ्यावर लिहिली. पोरांनी नवाची कसोटी केली, अकराची केली. मग मी त्यांना पुस्तकाबाहेरची गोष्ट सांगितली. सहाला स्वतःला सोडून बाकी विभाजक कोणते? एक, दोन, तीन. बेरीज सहा. विभाजकांची बेरीज बरोबर स्वतःएवढी, म्हणून सहा ही परिपूर्ण संख्या. पण सहापेक्षा मोठ्या ज्या संख्येला सहानं भाग जातो, तिचा अर्धा, तिसरा आणि सहावा हिस्सा मिळूनच ती संख्या पुरी होते, आणि वर निदान एक तरी उरतोच. म्हणजे विभाजकांची बेरीज स्वतःपेक्षा जास्त. आमच्या गाईची संख्या त्यातली. घरी आल्यावर आबांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हंजी खाणारी तोंडं जास्त. तिचं बी तसंच हाय, कितीबी टाका."

त्या संध्याकाळी मी संख्या डायरीत उतरवली. घामानं तळहातावरची शाई पसरली होती, पण आकडे वाचता येत होते. मला तोंडानं म्हणत लिहायची सवय आहे, दोन-दोनच्या जोड्या करून. बारा. चोवीस. त्रेचाळीस. बहात्तर. शून्य पाच. बेचाळीस. लिहून झालं, ताळा केला. छत्तीस, तीन नि सहा नऊ. तळहातावरही नऊ, डायरीतही नऊ. जुळलं. हात धुतले आणि जेवायला बसलो.

एवढंच घडलं. सांगायला गेलो तर दोन मिनिटं पुरतात.

पुढच्या वर्षी पिकं निघाल्यावर शेतातल्या गोठ्यातून गाय चोरीला गेली. सकाळी आबांना नुसतं कापलेलं दावं दिसलं. ते दावं हातात घेऊन ते घरी आले आणि ओसरीवर बसून राहिले. मग दुसऱ्या दिवसापासून पायपीट सुरू झाली. या गावचा बाजार, त्या गावचा बाजार. मी म्हणायचो, "आबा, मी तक्रार दिलीय, बिल्ल्याचा आकडा दिलाय, सापडंल." ते म्हणायचे, "आकडा कुटं चरत बसलाय व्हय?" पायाला फोड आले तरी थांबले नाहीत. वाळले. रोज तिच्या जागेवर कडब्याच्या दोन पेंढ्या टाकून ठेवायचे आणि सकाळी उचलून दुसऱ्या जनावराला घालायचे.

दोन महिन्यांनी लांबच्या एका बाजारातून ते मला घ्यायला थेट शाळेत आले. जीपनं आले होते. धाप लागली होती. "घावली," म्हणाले. मी डायरी घेतली आणि निघालो.

बाजारात वीस-पंचवीस लाल गाई ओळीनं बांधल्या होत्या. आबा कुठंही न थांबता एका गाईपाशी गेले. तिनं मान वर केली आणि त्यांचा हात कोपरापर्यंत चाटला. हे मी डोळ्यांनी बघितलं.

गाय एका हेडीच्या दाव्याला होती. हेडी म्हणजे जनावरांचा व्यापारी. चोर दिसत नव्हता. रीतसर घेतल्याची पावती त्यानं दाखवली. गलका झाला, माणसं जमली. बाजारातला एक पिकल्या मिशांचा म्हातारा, ज्याचा शब्द तिथं चालायचा, तो मधे पडला. "डावं शिंग आत हाय, चाल आमची हाय," असं आबा सांगत होते. हेडी म्हणाला, "बाबा, आशी शिंगं धा गाईंची दावतो तुमाला." मग म्हातारा माझ्याकडं वळला. "तुमी मास्तर हायत. तुमच्याकडं आकडा हाय म्हणता. कानातला वाचा, वहीतला वाचा. जुळला तर आत्ता गाय सोडा. न्हाई जुळला तर न्हाई. हाय का कबूल?" हेडी म्हणाला, कबूल. याहून सरळ न्याय कोणता असतो?

सगळे माझ्याकडं बघत होते. मी कानातला आकडा वाचला आणि डायरीतल्या आकड्याखाली लिहिला.

१२२४४३२७०५४२
१२२४४३७२०५४२

मी म्हणालो, "न्हाई जुळत."

बारापैकी दहा आकडे जागच्या जागी होते. उरलेले दोन तेच, फक्त उलटे. सातवीच्या पोराच्या वहीत हे दिसलं असतं तर मी त्याचा कान धरून म्हणालो असतो, "गाढवा, बहात्तरचे सत्तावीस केलेस." तोंडात आधी 'बा' येतो, हात आधी दोन लिहितो. पोरांची ही चूक मी रोज लाल पेनानं गोल करतो. मग तिथं का दिसली नाही? दिसली नाही असं म्हणणं खोटं होईल. मी बघितलंच नाही. डायरीतल्या संख्येचा ताळा मी स्वतः केला होता, म्हणून ती चुकूच शकत नव्हती. आणि दुसरं म्हणजे चारचौघांत मला दाखवायचं होतं, की मास्तर घरच्या गाईसाठीसुद्धा खोटं बोलत नाही.

"आरं लेका, आपलीच हाय ती," आबा म्हणाले. "बग की तिच्याकडं."

मी चिडलो. उन्हात, एवढ्या माणसांत मला लाज वाटत होती. "आबा, आकडा खोटं बोलत न्हाई," मी म्हणालो. "म्हातारपणी तुमाला सगळ्याच लाल गाई आपल्या दिसायल्यात."

कुणीतरी हसलं. आबांचा हात तिच्या पाठीवर होता, तो त्यांनी काढून घेतला. मग स्वतःचा हात असा काही बघितला, जणू त्याला काही लागलं होतं. धोतराला पुसला. गाय हंबरली. आबांनी वळून बघितलं नाही.

म्हातारा म्हणाला, "मास्तर, मानलं तुमाला." हेडीनं चहा सांगितला. मी तो प्यालो. हे लिहायलाच हवं, मी तो चहा प्यालो आणि मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून आबांनी तिच्या जागेवर कडबा टाकणं बंद केलं. आठवडाभरानं मला म्हणाले, "मास्तर, जेवढी जनावरं हायत त्येंचे आकडे भितीवर लिहून दे." त्याआधी ते मला कधी मास्तर म्हणाले नव्हते. मी गोठ्याच्या भिंतीवर चुन्यानं ठळक आकडे लिहून दिले. मला आनंद झाला होता. आबा सुधारले, असं मी शाळेत सांगितलंसुद्धा.

पुढच्या वर्षी सातवीला विभाज्यतेच्या कसोट्या घ्यायच्या होत्या. दरवर्षी फळ्यावर काहीतरी भलीमोठी संख्या लागते. मी डायरी उघडली आणि वरची ओळ फळ्यावर उतरवली. "या संख्येला नवानं भाग जातो, अकरानंही जातो. करून दाखवतो," म्हणालो. नवाचं झालं. मग एकाआड एक. एक, दोन, चार, दोन, शून्य, चार: तेरा. दुसरीकडं तेवीस. फरक दहा.

पुन्हा केलं. तेरा, तेवीस. पोरं वहीत उतरवत होती. अकरानं भाग जात नव्हता.

पण मला अठराला अठरा आठवत होतं. मी आबांना ओरडून सांगितलं होतं. कावड आठवत होती. मी डायरीतली खालची ओळ बघितली, बाजारात लिहिलेली आणि लाल पेनानं खोडलेली. तिची बेरीज केली. अठरा. अठरा.

दोन आकडे आपसात बदलले की संख्या कितीही बदलो, बेरीज तीच राहते. फरक नेहमी नवाच्या पटीत. इथं चार लाख पन्नास हजार. नवाच्या ताळ्याला ही चूक दिसतच नाही, कधीच नाही. अकराची कसोटी शेजारचे दोन आकडे उलटे झाले की लगेच पकडते. मी हे दोन्ही शिकवतो. पगार घेतो त्याचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तर माझ्या काखेत डायरी होती, त्या बाजारात, आणि अर्ध्या मिनिटाचं काम होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. माझी तर गायच गेली.

मला वाटलं होतं छातीत काहीतरी होईल. काही झालं नाही. हातातला खडू जाणवत नव्हता, एवढंच. मी पोरांना म्हणालो, "नाही जात भाग. चुकलं माझं." आणि पुढचं उदाहरण घेतलं.

त्या रविवारी बाजारात जाऊन हेडीला गाठलं. माणूस चांगला होता. आठवून सांगितलं, गाय त्याच बाजारी एका दलालानं नेली, राज्याच्या सीमेपलीकडच्या बाजारात. तो दलाल वारला. पुढचं कुणाला ठाऊक नव्हतं. "गाय तुमचीच व्हती, मास्तर," हेडी म्हणाला. "मला बी वाटलं व्हतं. चाटली ना ती म्हाताऱ्याला. पर तुमीच न्हाई म्हणले."

घरी आलो. आबा दाव्याला पीळ देत बसले होते. मी समोर उभा राहिलो आणि सांगून टाकलं. "आबा, ती आपलीच होती. वहीत मी दोन आकडे उलटे लिवले होते. चूक माझी."

ते पीळ देत राहिले. पीळ संपवून म्हणाले, "आता जुळला का आकडा?"

"जुळला."

"मंग बरं झालं," ते म्हणाले. मला त्यांनी शिव्या द्याव्यात असं वाटत होतं. एक तरी.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मला काही करावंसं वाटेना. गोठ्यात सावलीला पोत्यावर बसायचो आणि त्या संख्येचे मूळ अवयव काढायचो. दोन, तीन, पुन्हा तीन, अकरा, तेरा हे पहिल्याच दिवशी निघाले. उरले ४७५६९४३३. ते काही फुटेना. सतरानं भागलं, एकोणीसनं भागलं, तेवीसनं. एकामागून एक मूळ संख्या घ्यायची आणि भागाकार मांडायचा. शेकडो भागाकार झाले. मोबाइलवर क्षणात झालं असतं. मी कागदावर केलं. ते करताना डोकं रिकामं राहायचं, म्हणून केलं. सुट्टी संपत आली तेव्हा ६००७ वर बाकी शून्य आली. दुसरा अवयव ७९१९. दोन्ही मूळ संख्या. आता यापुढं फोडायला काही उरलं नव्हतं. एरवी मी उडी मारली असती. मी कागदाची घडी करून खिशात ठेवली.

आबा समोर उभे होते. जनावरं नुकतीच चरून आली होती. एक गाय, जिला जन्मताना त्यांनी मायच्या पोटातून स्वतःच्या हातांनी ओढून बाहेर काढलं होतं, दावणीला येऊन थांबली होती. आबांच्या काखेत कडब्याची पेंढी होती. त्यांनी तिच्याकडं बघितलं. मग जवळ जाऊन तिचा कान धरला, बिल्ला उजेडाकडं वळवला आणि मला हाक मारली.

"मास्तर, वाच जरा. ही आपलीच हाय का?"

मी उठलो. भिंतीवरचा आकडा वाचला, कानातला वाचला. नवाचा ताळा केला, अकराचाही केला. मग एक-एक आकडा बोटानं लावून बघितला.

"आपलीच हाय, आबा," मी म्हणालो.

तेव्हा कुठं त्यांनी तिच्यापुढं पेंढी सोडली आणि पुढच्या जनावराचा कान धरला.